आमच्या नावाचं एक मत : अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

फिफाच्या महासभेत भारताला एक मत आहे. ते तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन देतं आणि आमच्या सगळ्यांच्या नावाने देतं. कुणाला दिलं, का दिलं, देण्याआधी कुणाशी काय बोलणं झालं, यातलं काहीही आमच्यापर्यंत, म्हणजे गावोगावी पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या माणसांपर्यंत पोचत नाही. त्या एका मताचा हिशेब मागायला हे पत्र लिहितो आहे.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो आणि मुलांच्या एका छोट्या फुटबॉल मंडळाचा खजिनदार आहे. आमचं शहर क्रिकेटचं. विजय हजाऱ्यांपासून पठाण आणि पंड्या बंधूंपर्यंतची नावं इथे घराघरांत आहेत, आणि त्याचा मलाही अभिमान आहे. तरी संध्याकाळ झाली की मैदानावर फुटबॉल खेळायला मराठी, गुजराती, सिंधी, मुसलमान, सगळ्यांची पोरं येतात. यातल्या बऱ्याच जणांकडे स्वतःचे बूट नसतात. ही पोरं आणि फिफाचं मुख्यालय असलेलं झ्युरिक यांच्यात काय संबंध, असं कुणी विचारेल. फिफाची तिजोरी ज्या खेळावर भरते तो खेळ यांचा आहे. आणि फिफात भारताचं मत आहे ते यांच्यामुळे, हा तो संबंध.

फिफातला भ्रष्टाचार म्हटलं की लोकांना २७ मे २०१५ ची पहाट आठवते. झ्युरिकच्या बाऊर ओ लाक हॉटेलात स्विस पोलीस शिरले, फिफाच्या सात पदाधिकाऱ्यांना ताब्यात घेतलं आणि हॉटेलचे नोकर चादरी आडव्या धरून त्यांना कॅमेऱ्यांपासून लपवत होते. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्या दिवशी १४ जणांवर ४७ कलमांचं आरोपपत्र जाहीर केलं. २४ वर्षांत १५ कोटी डॉलरहून जास्त लाच दिली-घेतली गेली, असं त्यात म्हटलं होतं. पण मला त्या पहाटेपेक्षा चार वर्षं आधीची एक दुपार जास्त महत्त्वाची वाटते, कारण मत कसं विकत घेतात ते तिथे उघड्यावर दिसलं.

मे २०११. त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन, हयात रिजन्सी हॉटेल. फिफाच्या अध्यक्षपदाला तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर यांच्याविरुद्ध उभे होते कतारचे मोहम्मद बिन हम्माम, आपल्याच आशियाई महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष. कॅरिबियन देशांच्या प्रतिनिधींपुढे त्यांचं भाषण झालं. दुपारी या प्रतिनिधींना सांगण्यात आलं की वरच्या एका खोलीत तुमच्यासाठी भेट ठेवली आहे, एकेकाने जाऊन घ्या. बहामाच्या फुटबॉल संघटनेचे उपाध्यक्ष आत गेले. त्यांच्या हातात एक पाकीट दिलं गेलं. उघडलं तर शंभर-शंभर डॉलरच्या नोटांच्या गड्ड्या, एकूण ४० हजार डॉलर. कुणाला सांगू नका, असंही बजावण्यात आलं. त्यांनी आपल्या अध्यक्षांना कळवलं. अध्यक्षांनी सांगितलं, परत करा. पैसे परत करण्याआधी त्यांनी त्या नोटांचा फोटो काढून ठेवला.

त्या फोटोने पुढचं सगळं घडवलं. प्रकरण फिफाकडे गेलं, बिन हम्माम यांनी उमेदवारी मागे घेतली, कॅरिबियन फुटबॉलचे सर्वेसर्वा जॅक वॉर्नर यांनी महिन्याभरात सगळी पदं सोडली. बिन हम्माम यांनी आरोप नाकारले. पुरावा अपुरा म्हणून क्रीडा लवादाने २०१२ मध्ये त्यांच्यावरची पहिली बंदी उठवलीसुद्धा, पण निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी आशियाई महासंघातल्या कारभारावरून त्यांच्यावर पुन्हा आजन्म बंदी आली. आणि १ जून २०११ ला ब्लाटर बिनविरोध निवडून आले. विरोधक पाकिटांमुळे बाद झाला, त्याचा फायदा खुर्चीवर बसलेल्यालाच मिळाला. खुर्ची ज्या पद्धतीवर टिकून होती तिला कुणी हात लावला नाही.

बहामा हा देश केवढा? आमच्या बडोदा शहरातली माणसं मोजली तर त्याच्या कितीतरी पट भरतील. त्याने कधी विश्वचषक खेळलेला नाही. फुटबॉलमध्ये त्याचं वजन ते काय असणार? पण त्या दिवशी त्याच्या दोन पदाधिकाऱ्यांनी सरळ वागायचं ठरवलं आणि जगातल्या एका अतिश्रीमंत क्रीडा संस्थेचं बिंग फुटायला सुरुवात झाली. भारताची ताकद काय, आपण कुठे, क्रमवारीत आपलं स्थान काय, असं म्हणून तुम्ही हात झटकणार असाल तर मला ते मान्य नाही.

ही पद्धत मुरलेली आहे, एका-दोघांची करणी नाही. १९७४ ते १९९८ असे चोवीस वर्षं अध्यक्ष असलेले ब्राझीलचे आव्हेलांज आणि त्यांचे एकेकाळचे जावई तेशेरा यांना प्रक्षेपणाचे हक्क विकणाऱ्या आयएसएल नावाच्या स्विस कंपनीने (आपल्या इंडियन सुपर लीगशी तिचा काही संबंध नाही) लाखो फ्रँक दिले. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या स्विस न्यायालयाच्या कागदांत त्याची नोंद आहे. हे पैसे घेतले गेले तेव्हा स्वित्झर्लंडच्या कायद्यात खाजगी संस्थेतली अशी लाच हा गुन्हाच नव्हता. फिफा ही तिथे नोंदलेली एक संस्था, भजनी मंडळाची असावी तशी. अब्जावधींची उलाढाल आणि देखरेख जवळपास शून्य. कायदा कडक झाला तो २०१५ ची धरपकड होऊन गेल्यावर. २ डिसेंबर २०१० ला २०१८ आणि २०२२ चे यजमान बंद दाराआड २२ जणांनी ठरवले. खरं तर कार्यकारिणी २४ जणांची होती, पण मत विकायला तयार असल्याच्या आरोपावरून दोघांना मतदानाआधीच निलंबित केलं होतं. उरलेल्या बावीस जणांतल्याही अनेकांवर पुढे बंदी आली किंवा खटले चालले.

हे लांबच्या देशांचं, असंही म्हणायची सोय नाही. श्रीलंकेचे मनिलाल फर्नांडो फिफाच्या कार्यकारिणीत होते, २०१३ मध्ये त्यांच्यावर आजन्म बंदी आली. नेपाळचे गणेश थापा यांच्यावर २०१५ मध्ये दहा वर्षांची बंदी आली. दोघंही तुमच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसणारे होते.

२०१६ नंतर सगळं सुधारलं, असं फिफा सांगते. सुधारणा झाल्या हे खरं, आणि त्या नाकारणं अन्यायाचं होईल. यजमान आता बावीस माणसं ठरवत नाहीत, महासभा ठरवते. कुठल्या देशाने कुणाला मत दिलं ते २०१८ च्या मॉस्कोतल्या मतदानानंतर प्रसिद्धही झालं. अध्यक्षाला बारा वर्षांची मर्यादा आली. पण पुढे काय झालं? मे २०१७ मध्ये नीतिसमितीचे दोन्ही प्रमुख, बोर्बेली आणि एकर्ट, एका फटक्यात बाजूला झाले. शेकडो प्रकरणं अजून बाकी आहेत, असं ते जाताना सांगत होते. रशियाच्या उपपंतप्रधानांना फिफाच्या परिषदेची निवडणूक लढवू न देणारे कायदेपंडित मिगेल मादुरो त्याच वेळी घरी पाठवले गेले. २०१६ पासूनचे अध्यक्ष इन्फान्टिनो २०१९ ला पॅरिसमध्ये आणि २०२३ ला किगालीत बिनविरोध, टाळ्यांच्या गजरात निवडून आले. त्यांची २०१६ ते २०१९ ही पहिली वर्षं बारा वर्षांत धरायची नाहीत असं ठरलं, म्हणजे २०३१ पर्यंतची वाट मोकळी. मे २०२४ मध्ये बँकॉकला समित्यांची संख्या सातावरून पस्तीसवर नेली. एवढ्या समित्या, म्हणजे एवढी पदं, एवढे दौरे, एवढे भत्ते. ती पदं मिळतात कुणाला? मतदारांना. महासभेत हात वर करणाऱ्या २११ संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना.

यातलं काहीही बेकायदा नाही. माझं दुखणं नेमकं तिथेच आहे. पाकीट गेलं आणि त्याची जागा नियमाने घेतली. २०१६ मध्ये इन्फान्टिनो यांनी मतदारांना भर सभेत सांगितलं होतं की फिफाचा पैसा हा तुमचाच पैसा आहे. निवडून आल्यावर त्यांनी विकासनिधी कितीतरी पट वाढवला. फॉरवर्ड नावाच्या योजनेत २०२३ ते २०२६ या चार वर्षांत प्रत्येक संघटनेला ८० लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. सबंध चीनच्या संघटनेला जेवढी मर्यादा, तेवढीच एखाद्या चिमुकल्या बेटाच्या संघटनेला. आणि मतही दोघांचं एकच.

या पैशाच्या मी विरुद्ध नाही, हे स्पष्ट लिहितो. आफ्रिकेत, कॅरिबियनमध्ये, प्रशांत महासागरातल्या बेटांवर या पैशातून मैदानं झाली, मुलींचे संघ उभे राहिले. युरोपातले लोक ‘एक देश, एक मत’ ही पद्धतच मोडा म्हणतात तेव्हा मला त्यात श्रीमंतांची घमेंड दिसते. छोट्याचं मत काढून घेणं हा उपाय नव्हे. उपाय एकच : मत देणाऱ्याने ते का दिलं हे आपल्या माणसांना सांगावं आणि पैसा घेणाऱ्याने तो कुठे गेला हे दाखवावं. या दोन गोष्टी अंधारात राहिल्या की विकासनिधी आणि पाकीट यांच्यातला फरक पुसला जातो, कारण देणारा तोच, घेणारा तोच, आणि बदल्यात मिळणारी वस्तूही तीच.

आमच्या मंडळाचं सांगतो. नोंदणीकृत ट्रस्ट असल्याने चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत दरवर्षी तपासलेले हिशेब द्यावे लागतात. पाच नंबरचे चेंडू, ब्लॅडर, जाळ्या, मैदान आखायची फक्की, पोरांची केळी, बाहेरगावच्या सामन्याला जायचं टेम्पोचं भाडं, सगळं कीर्दीत येतं, तारखेनिशी आणि पावतीनिशी. टेम्पोवाला पावती देत नाही म्हणून साध्या कागदावर व्हाउचर करून त्याची सही घेतो. मध्यंतरी एका मुलाची आई आली. दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून घर चालवणारी बाई. जर्सीचे पैसे वाढले कसे, असं तिने विचारलं. मी फाईल काढून जुनं बिल आणि नवं बिल शेजारी शेजारी ठेवलं. तिने दोन्ही नीट पाहिली, छपाईचा दर वेगळा लावलाय तो बोटाने दाखवला आणि म्हणाली, भाऊ, दुसऱ्या दुकानात विचारून बघा. विचारलं, आणि दर कमी झाला. त्या बाईला जो हक्क आमच्या मंडळात आहे, तोच हक्क आम्हाला तुमच्या महासंघात हवा आहे.

आता तुमच्याच दोन गोष्टींबद्दल विचारतो.

५ डिसेंबर २०२२ ला महासंघाने २०२७ च्या आशियाई चषकाच्या यजमानपदाची दावेदारी मागे घेतली. शर्यतीत एकटा सौदी अरेबिया उरला आणि दोन महिन्यांत यजमानपद त्याला मिळालं. मार्च २०२३ मध्ये संतोष ट्रॉफीचे शेवटचे सामने रियाधला झाले. कर्नाटक आणि मेघालय यांचा अंतिम सामना, आपल्या राज्याराज्यांची स्पर्धा, पाहायची तर सौदीला जायचं! त्याच ऑक्टोबरमध्ये फिफाने २०३४ च्या विश्वचषकासाठी इच्छुकांना महिनाभराचीही मुदत दिली नाही. ऑस्ट्रेलियाने शेवटच्या दिवशी माघार घेतली, सौदी एकटा उरला. भारताच्या महासंघाने सौदीला पाठिंबा जाहीर केला होता. ११ डिसेंबर २०२४ ला ऑनलाइन महासभेत टाळ्या वाजवून निर्णय झाला. २०३० आणि २०३४, दोन्ही विश्वचषकांचा एकाच दमात.

या घटनांच्या मागे काही देवाणघेवाण होती, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि पुराव्याशिवाय आरोप करणं मला पटत नाही. मी विचारतो ते एवढंच : यातल्या प्रत्येक निर्णयाची कारणं कुठल्या सभेत मांडली गेली, राज्य संघटनांना विचारलं का, मजूर ज्या उन्हात आणि ज्या करारांवर ती मैदानं बांधणार त्याबद्दल भारताने एक तरी प्रश्न केला का? तिथे कामाला जाणाऱ्यांत आपलीच माणसं लाखोंनी आहेत. कतारमध्ये विश्वचषकाची मैदानं बांधली जात होती ते दिवस आपण विसरलो का?

दुसरी गोष्ट निलंबनाची. महासंघाची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये व्हायला हवी होती, ती झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. १५ ऑगस्टच्या रात्री फिफाने ‘बाहेरच्यांचा हस्तक्षेप’ म्हणून भारताला निलंबित केलं. त्या वेळी गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. एवढं लांब गेल्यावर मुलींना कळलं की आता मैदानात उतरता येणार नाही. २६ ऑगस्टला निलंबन उठलं, तोवर त्यांची संधी हुकली होती. चूक पदाधिकाऱ्यांची आणि शिक्षा त्या मुलींना. प्रशासकांच्या समितीने तर न्यायालयात असा आरोप केला होता की फिफाचा हा दट्ट्या माजी पदाधिकाऱ्यांनीच मागवून घेतला. तो खरा-खोटा ठरवणं माझं काम नाही. पण असं पुन्हा कुणाला करता येऊ नये, हे बघणं तुमचं काम आहे.

सरकारने संघ निवडू नये, पंतप्रधानांच्या पुतण्याला कप्तान करू नये, हे ठीकच. त्यासाठी तो नियम हवा. पण देशातलं सर्वोच्च न्यायालय हिशेब आणि वेळेवर निवडणूक मागतं, तेव्हा त्याला हस्तक्षेप म्हणायचं, आणि ५ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये विश्वचषकाच्या सोडतीच्या मंचावर गादीवरच्या राष्ट्राध्यक्षाला फिफाने शांतता पुरस्कार द्यायचा, हे एकाच संस्थेला कसं शोभतं? तटस्थता आमच्या न्यायालयापुरतीच आहे का?

बडोद्याला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. १८९४ साली इथल्या संस्थानात जमीन-मोजणीच्या सेटलमेंट खात्यातल्या लाचखोरीची चौकशी गाजली. खात्याचे प्रमुख इलियट साहेब, पण कमिशन बसलं ते त्यांच्या हाताखालच्या वासुदेव सदाशिव बापटांवर. बापटांच्या बचावासाठी लोकमान्य टिळक इथे धावून आले. चौकशी कुणाची होते आणि कुणापर्यंत जाऊन थांबते, हे बघायची सवय आमच्या आजोबा-पणजोबांनाही होती. फिफाच्या बाबतीत मी तेच बघतो. न्यूयॉर्कच्या न्यायालयात दक्षिण अमेरिकेचे पदाधिकारी नापू आणि मारीन दोषी ठरले, कॅरिबियनमधल्या काहींनी गुन्हे कबूल केले. ब्लाटर आणि युरोपीय महासंघाचे माजी अध्यक्ष प्लातिनी यांना २० लाख फ्रँकच्या प्रकरणात स्विस न्यायालयाने २०२२ मध्ये आणि अपिलात २०२५ मध्ये पुन्हा निर्दोष ठरवलं, तो निकाल मी मानतो. पण अमेरिकेने वसूल केलेल्या पैशातले २० कोटी डॉलर २०२१ मध्ये फिफा आणि दोन खंडीय महासंघांना ‘फसवले गेलेले’ म्हणून परत करायचं ठरलं. ज्या घरातून चोरी झाली, त्याच घरच्या माणसांनी ती केली होती. खरी फसवणूक झाली ती मैदान नसलेल्या पोरांची.

आपल्याकडची परिस्थिती तुम्हाला मी सांगायला नको. इंडियन सुपर लीगचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, हंगाम लटकला, आणि जानेवारी २०२६ मध्ये सुनील छेत्री, गुरप्रीत, झिंगन अशा खेळाडूंना व्हिडिओ करून फिफालाच विनवावं लागलं की भारतीय फुटबॉल वाचवा. आपल्या महासंघाला सोडून खेळाडू झ्युरिककडे दाद मागतात, यापेक्षा आणखी काय व्हायचं राहिलं? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तुमच्या नव्या घटनेला मान्यता दिली आहे. त्या घटनेचा पहिला खरा उपयोग या कामी करा.

फिफाच्या प्रत्येक महासभेच्या आधी भारत कुठल्या विषयावर कसं मत देणार हे कारणांसह संकेतस्थळावर टाका. नंतर प्रतिनिधीने प्रत्यक्षात काय केलं तेही टाका. फॉरवर्ड योजनेतून आलेला पैसा रकमेनिशी, कामानिशी आणि राज्यानिशी जाहीर करा. बडोद्याच्या खजिनदाराला तो वाचता आला पाहिजे, नुसतं लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र नको. पदाधिकाऱ्यांच्या परदेश दौऱ्यांचं विमानभाडं, हॉटेल, रोजचा भत्ता कुणी दिला, फिफाने, आशियाई महासंघाने की यजमान देशाने, हेही त्याच पानावर यायला हवं. मिळालेल्या भेटवस्तूंची वही ठेवा.

आणि २०२७ मध्ये फिफाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे. कुणालाही उमेदवार व्हायला पाच देशांच्या संघटनांचा पाठिंबा पुरतो. भारताने आणखी चार देश शोधले, तर एक दुसरं नाव मतपत्रिकेवर येऊ शकतं. ते नाव जिंकेल की नाही याची मला आत्ता फिकीर नाही. निवडणूक व्हावी, टाळ्या नकोत. उमेदवार एकच उरला तरी गुप्त मतदान व्हावं, असा ठराव भारताने मांडावा. आणि अर्ज भरायच्या मुदतीआधीच कुणाला पाठिंब्याचं पत्र देऊन मोकळे होऊ नका. पाठिंबा मागायला येणाऱ्याला आधी विचारा की नीतिसमितीच्या नेमणुका अध्यक्षाच्या हातातून कधी सुटणार.

या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः नको. महासंघाच्या संकेतस्थळावर द्या, म्हणजे राज्य संघटनांना, क्लबांना आणि आमच्यासारख्या मंडळांना एकाच वेळी वाचता येईल. मी त्याची प्रत काढून आमच्या फलकावर लावेन, जर्सीच्या बिलांशेजारी.

कळावे,

आपला,
मुलांच्या एका फुटबॉल मंडळाचा खजिनदार
दांडिया बाजार, बडोदा